सीको एसकेएक्स007 मध्ये नव्या पिढीचं यंत्र बसवताना

माझ्या एसकेएक्स007 या सीकोच्या ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने चावी बसणाऱ्या) डायव्हर घड्याळातलं 7एस26 यंत्र दणकट आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण क्राऊन (बाजूची किल्ली) फिरवून चावी देता येत नाही आणि वेळ लावताना सेकंद काटा थांबत नाही, हे खटकायचंच. पुढच्या पिढीच्या 4आर36 मध्ये दोन्ही सोयी आहेत, आणि तेच यंत्र इतर घड्याळ बनवणाऱ्यांना एनएच36 या नावाने मिळतं.

आधी वाटलं, काटा थांबवणारी छोटी पट्टी तेवढी जुन्या यंत्रात टाकावी. ते होत नाही. तिला धरायला खालच्या प्लेटमध्ये जागाच नाही, आणि चावी द्यायची तर वरचा ब्रिजही (चाकांना वरून धरणारी पट्टीही) वेगळा लागतो. मग अख्खं यंत्रच बदलायचं ठरवलं.

बसण्याच्या बाबतीत काही कटकट नाही. काट्यांची भोकं दोन्हीकडे सारखी (1.5, 0.9 आणि 0.2 मिमी), डायलही चालते, जुना क्राऊन स्टेमसकट (त्याच्या आतल्या दांडीसकट) चालतो. खरी मेख तारीख-वाराच्या चकत्यांत आहे.

या घड्याळाचा क्राऊन 3 वर नसून 4 च्या जरा अलीकडे, 3.8 वर आहे. म्हणजे केसमध्ये यंत्र 24 अंश फिरवून बसवलेलं, खिडकी मात्र 3 वरच. बाजारातल्या एनएच36 च्या चकत्या बहुधा 3 वरच्या क्राऊनसाठी छापलेल्या असतात. वाराच्या चकतीवर सात वार दोन भाषांत, म्हणजे 14 नावं. एकेका नावाला साधारण 25.7 अंश. यंत्र 24 अंश फिरलं की खिडकीत शेजारचं नाव येतं, पण नेमकं नाही. 24 आणि 25.7 यातला फरक किरकोळ वाटतो, पण खिडकीत तो लगेच दिसतो: वार एका कडेला सरकलेला. तारखेच्या चकतीवर दोन घरं मिळून 23.2 अंश होतात, त्यामुळे तिचा वाकडेपणा कमी. तरी एकदा लक्षात आला की नजर तिथेच जाते.

म्हणून जुन्या यंत्राच्या दोन्ही चकत्या काढून नव्यावर चढवल्या. वाराची चकती मध्यभागी एका बारीक, फट असलेल्या कडीने धरलेली असते. ती चिमट्याने उचकताना उडते, आणि उडाली की शोधत बसा. मी वरून पातळ प्लास्टिकची पिशवी धरून कडी आतच पकडली. वाराच्या चकतीखालची प्लेट स्क्रू काढून उचलली की तारखेची चकती हातात येते.

काटे बसवण्याआधी क्राऊनने यंत्र पुढे नेत तारीख पालटते तो क्षण पकडायचा आणि दोन्ही काटे 12 वर दाबायचे. नाहीतर तारीख भलत्याच वेळी बदलत राहते. तारीख झटकन बदलण्याची सोय रात्री 9 ते पहाटे 4 या वेळेत वापरायची नाही, हे जुन्यालाही लागू होतं आणि नव्यालाही.

टिकटिक ऐकून वेग मोजणाऱ्या फोनवरच्या अ‍ॅपवर लिफ्ट अँगल (प्रत्येक यंत्राचा ठरलेला, अ‍ॅपला द्यावा लागणारा कोन) 53 अंश ठेवून वेग तपासला. एनएच36 ला दिवसाला -20 ते +40 सेकंदांची मुभा आहे. माझं त्यात आरामात बसलं, म्हणून रेग्युलेटरला (वेग कमी-जास्त करणाऱ्या दांडीला) हात लावला नाही. दोन्ही यंत्रं ताशी 21,600 ठोक्यांचीच, तेव्हा सेकंद काट्याची चाल होती तशीच राहिली. नवी गोष्ट एवढीच की क्राऊन आट्यांवर घट्ट करताना थोडी चावी आपोआप बसते, बोटांना ते कळतं.

एनएच36 च्या उरलेल्या चकत्या जुन्या 7एस26 वर चढवून ठेवल्या आहेत. 3 वर क्राऊन असलेल्या एखाद्या सीको 5 मध्ये ते यंत्र सरळ बसेल.