हानले: तारे इतके, की नक्षत्रंच सापडेनात

लेहहून लडाखमधल्या हानले गावाला जायला अख्खा दिवस मोडतो, पण बराच वेळ सिंधू सोबतीला असल्यामुळे कंटाळा येत नाही. उपशी, चुमाथांगचे गरम पाण्याचे झरे, माहेचा पूल, न्योमा, आणि मध्येमध्ये परमिट दाखवायला थांबणं. लोमाला सिंधू ओलांडली की रस्ता दक्षिणेला वळतो आणि दोन्ही बाजूंना नुसतं पिवळं माळरान. त्यावर कियांग, म्हणजे तिथली रानगाढवं, निवांत चरत होती.

आम्ही सगळे एकाच हौशी खगोल मंडळातले. दर महिन्याला सगळ्यांसाठी खुली सभा घ्यायची, एखादं व्याख्यान ठेवायचं, मग गच्चीवर दुर्बीण लावून येईल त्याला चंद्र किंवा गुरू दाखवायचा, हा आमचा उद्योग. आपल्याकडे ही हौस जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची. पण आता शहरातल्या गच्चीवरून बोटावर मोजण्याइतके तारे दिसतात. त्यामुळे ‘एकदा तरी हानले’ हे वाक्य प्रत्येक सभेनंतर चहा पिताना कोणीतरी म्हणायचंच. शेवटी ऑक्टोबरमधली अमावास्या गाठून निघालो.

डिसेंबर २०२२मध्ये लडाख प्रशासनाने इथला १,०७३ चौरस किलोमीटरचा परिसर ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून जाहीर केला. कागदावर हे ठीक, पण त्याचा अर्थ संध्याकाळी कळला. अंधार पडायच्या आत आमच्या घरमालकिणीने सगळ्या खिडक्यांचे जाड पडदे ओढून घेतले, अंगणातला दिवा बंद केला आणि आमच्या हातातल्या टॉर्चवर लाल कापड आहे की नाही ते स्वतः तपासलं. लडाखीत थोरल्या बहिणीला अचे-ले म्हणतात. आम्हीही त्यांना तेच म्हणू लागलो. गावातल्या काही जणांना, त्यात बऱ्याच बायका आहेत, आकाश दाखवण्याचं प्रशिक्षण आणि दुर्बिणी दिल्या आहेत. अचे-ले त्यांच्यातल्याच.

पूर्ण अंधार झाल्यावर बाहेर आलो आणि आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी माणसाला महाश्व नक्षत्राचा चौकोन सापडेना. हा चौकोन आम्ही नवख्यांना पहिल्या पाच मिनिटांत शिकवतो! शहरात ठळक तेवढेच तारे उरतात, म्हणून आकृत्या आयत्या मिळतात. इथे चौकोनाच्या पोटातही तारेच तारे, हंस नक्षत्रावरून जाणाऱ्या आकाशगंगेत काळ्या धुळीच्या भेगा उघड दिसत होत्या. ध्रुवही ओळखीच्या जागी नव्हता. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो, इथे तब्बल ३३. मान आपोआप जुन्या सवयीच्या उंचीवर जायची आणि तिथे भलताच तारा असायचा.

आणखी एक गंमत उंचीची. गाव साधारण ४,३०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के. ऑक्सिजन कमी पडला की अंधारातली नजर मंदावते. त्रिकोण नक्षत्रातली एम-३३ दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दूरची एक आकाशगंगा, नुसत्या डोळ्यांनी शोधताना दहा-बारा दीर्घ श्वास घेतले की ती उमटायची, बोलत बसलो की विरायची. इतक्या फिकट गोष्टीसाठी इतकी धाप मी कधी टाकली नव्हती.

अकराच्या सुमारास देवयानी दीर्घिका जवळजवळ डोक्यावर आली. शेजारच्या घरांतले पर्यटकही आले आणि अचे-लेंच्या डॉब्सोनियनसमोर रांग लागली. या दुर्बिणीला मोटर नसते. पृथ्वी फिरते तसं दृश्य चौकटीतून सरकत जातं. अचे-ले दोन बोटांनी नळी किंचित ढकलत, स्वतः डोळा लावून बघत आणि ‘जल्दी, भाग रहा है’ म्हणून पुढच्याला बोलावत. मग आमच्या गच्चीवर हमखास येतो तो प्रश्न आलाच: “फोटोतल्यासारखे रंग का नाही दिसत?” आम्ही यावर डोळ्यातल्या पेशींवर भाषण देतो. त्यांनी एवढंच सांगितलं, की रंग बघायला डोळ्याला जास्त उजेड लागतो. आता थेट बघू नका, जरा बाजूला बघा, मोठी दिसेल. पाहणारी मुलगी ओरडलीच. हे उत्तर मी उचललं आहे.

तेवढ्यात वरच्या वळणावरून एक जीप हेडलाइट फेकत आली. सगळ्या अंगणातून एकच आरडाओरड झाली. दिवे विझले, पण अंधाराला सरावलेले डोळे गेले ते गेलेच. ते परत यायला वीस मिनिटं, अर्धा तास लागतो.

वेधशाळा दिवसा पाहिली. ४,५०० मीटरवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. तिने पहिला प्रकाश टिपला २०००मध्ये. खगोलशास्त्रज्ञ मात्र बंगळुरूजवळ होसकोटेला बसून उपग्रहामार्फत ती चालवतात. खाली मैदानात २१ मीटर व्यासाची, आरशांनी भरलेली ‘मेस’ गॅमा किरण दुर्बीण. दोन्ही थोर, पण बंद घुमट आणि माहितीफलक पाहून मी लवकर कंटाळतो.

शेवटच्या पहाटे पूर्वेला राशिप्रकाशाचा तिरपा शंकू दिसला. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीतल्या धुळीवरून परावर्तित झालेला हा सूर्यप्रकाश मी याआधी फक्त पुस्तकात पाहिला होता. पाचच्या सुमारास अचे-लेंनी दक्षिणेच्या डोंगरकडेकडे बोट दाखवलं. अगस्ती हा तारा तिथे चार-साडेचार अंशांच्या वर येत नाही, त्यामुळे त्यांच्या अंगणातून तो कड्याआडच राहतो. “तुमच्याकडे?” त्यांनी विचारलं. चांगला १९ अंश वर येतो, म्हटलं. त्याच्याही दक्षिणेचं त्रिशंकू नक्षत्र दिसतं, मित्र हा तारा दिसतो. ही नावं त्यांनी मोबाइलवर लिहून घेतली, पडद्याचा उजेड पार कमी करून.

“त्रिशंकू कधी बघायचा?”

मे महिन्यात, रात्री नऊला दक्षिणेला उभा असतो.

मेमध्ये पाहुणे सुरू होतात, त्या म्हणाल्या, एप्रिल चालेल का?

चालेल, पण अकरापर्यंत जागावं लागेल, असं आमच्यातल्या एकाने सांगितलं. पहाटेचे पाच वाजले होते, आणि त्या आदल्या संध्याकाळपासून दुर्बिणीपाशी उभ्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.