तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री मला काय दिसतं

काही नाही दिसत. खरंच सांगतोय. सांगलीहून फोन करणाऱ्या मावशीपासून ते इथल्या, अमेरिकेतल्या गणपतीत भेटणाऱ्या लोकांपर्यंत सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं असतं, की लाईम (गोचीड चावून होणारा जंतूंचा आजार) झाल्यापासून हा रात्री उठून ओरडतो तर याला नेमकं दिसतं काय. साप दिसतो का, पडतोय असं वाटतं का, कोणी बाई येते का (हसू नका, विचारलंय लोकांनी). आणि मी काही नाही म्हटलं की समोरच्याच्या तोंडावर लगेच दिसतं, की हा काहीतरी लपवतोय. म्हणून एकदाच बैजवार लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच पाठवेन.

गोचीड कशी चावली, कनेक्टिकटमध्ये घरामागे झाडीच हवी ही हौस कोणाची होती, हे सगळं तुम्हाला पाठ आहे, सोडून देतो. एवढंच सांगतो की मे-जूनमधली ती पिल्लू गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, आणि तो प्रसिद्ध गोल लाल चट्टा मला दिसलाच नाही, गुडघ्यामागे आला असला तर देव जाणे. पहिली टेस्ट निगेटिव्ह, कारण टेस्ट ज्या अँटिबॉडीज शोधते त्या तयार व्हायला काही आठवडे जातात. तोवर अर्धा चेहरा लुळा पडला, गुडघा सुजला. मग डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, तीन आठवडे. चेहरा परत आला, गुडघा बराचसा आला, झोप काही आली नाही.

तर आता झोपेचं. लोक दोन गोष्टींची गल्लत करतात, आधी मीही करायचो. वाईट स्वप्न पडतं ते साधारण पहाटेकडे, माणूस दचकून जागा होतो आणि त्याला सगळं आठवतं. ती मलाही पडतात, ती पाहिजे तर सांगतो, बहुतेक ऑफिसातलीच असतात. पण हे ओरडणं म्हणजे नाईट टेरर, ते झोप लागल्यावर पहिल्या काही तासांत, अगदी गाढ झोपेतून होतं. अर्धा मेंदू जागा होतो, अर्धा झोपलेलाच. डोळे उघडे, छाती धडधडतेय, घामाने बनियन भिजलेलं, आणि आत माणूस नाही. काही जणांना थोडंफार आठवतं म्हणे, मला काहीच नाही. सकाळी मी ब्रश करत असतो आणि बायको फक्त विचारते, "घसा दुखतोय का?" तेव्हा मला कळतं की रात्री काय झालं.

एकदाच पाहिलंय मी. तेही व्हिडिओवर.

झोपेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बेडरूममध्ये कॅमेरा लावा, म्हणजे फिट येतेय की हेच आहे ते बघता येईल. आई-बाबा तेव्हा आलेले होते. बायको मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपायची, आणि आईची खोली माझ्या खोलीला लागून. व्हिडिओत साडेबाराच्या सुमाराला मी ताडकन उठून बसतो. पुरुष ओरडतो तसं काहीतरी असेल अशी माझी कल्पना होती, तसं नाहीये ते. आवाज बारीक, ताणलेला, मध्ये श्वासच नाही, आणि तो माझा आहे हे मला पटायला वेळ लागला. मग आई येते. केस सुटलेले, चष्मा नाही. "बाळा, अरे मी आहे, मी आहे," म्हणत माझं मनगट धरते. आता कुठलीही आई हेच करेल, पण यात माणसाला धरलं की ते वाढतं, लांबून हळू आवाजात बोलायचं असतं आणि फक्त लागू द्यायचं नसतं, हे बायकोला माहीत होतं, आईला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिच्याकडे बघतो. सरळ डोळ्यांत बघतो, ओळख नाही. आणि हात असा झिडकारतो की ती मागच्या ड्रॉवर्सवर जाऊन आदळते, बांगडीचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. तरी ती बाहेर जात नाही, तिथेच खाली बसून मारुतीचं नाव घेत राहते. थोड्या वेळाने मी आडवा होतो आणि घोरायला लागतो.

व्हिडिओ तिथे थांबवला असता तर बरं झालं असतं. पण पुढे बराच वेळ आई मोबाईलचा टॉर्च लावून कार्पेटमधले काचेचे तुकडे वेचत बसलीये. एकेक तुकडा तळहातावर ठेवतेय. मध्येच हात फिरवून बघते, परत वेचते. माझ्या पायाला लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी पोहे वाढताना तिच्या मनगटाला पट्टी होती. "बांगडी वाढली रे, भांडी घासताना." कॅमेऱ्याचं तिला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी तिने माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून तव्यावर टाकल्या, स्मोक अलार्म वाजला, बाबा खुर्चीवर चढून पेपरने वारा घालत होते. मी काही बोललो नाही.

मी व्हिडिओ बघितलाय हे आईला अजून माहीत नाही. बायको यावरून भांडते, म्हणते सांगायला हवं. सांगून काय करू? तिला वाटतंय मला कळलं नाही, तेवढंच तिचं समाधान. की माझंच समाधान, माहीत नाही.

आता दुसरा प्रश्न, तो जास्त शहाण्या लोकांचा: हे लाईमनेच झालं कशावरून? स्ट्रेस असेल. बरोबर आहे, असेल. आधी मी यावर हमरीतुमरीवर यायचो. अमेरिकेत वर्षाला अंदाजे ४,७६,००० लोकांवर लाईमचे उपचार होतात, त्यातल्या शंभरातल्या पाच-दहा जणांना औषधं झाल्यावरही थकवा, दुखणं, झोपेचा घोळ राहतो, हे आकडे मी लग्नाच्या पंगतीत ऐकवलेत. तेव्हाचा मी महिनोन्‌महिने शिरेतून अँटिबायोटिक्स घ्यायला निघाला होता, एका क्लिनिकचा ॲडव्हान्ससुद्धा भरायची तयारी होती. डॉक्टरांनी अडवलं. लांबलचक अँटिबायोटिक्सचे नीट ट्रायल झालेत, पहिले मोठे २००१ मध्ये छापून आले, डमी औषधापेक्षा फायदा दिसला नाही, आणि लाईमच्या उपचारांच्या २०२० च्या गाईडलाइन्सही नकोच म्हणतात. तेव्हा मला तो माणूस शत्रू वाटला. त्या वेळच्या मला आज विचारलं तर तो म्हणेल, तू हार मानलीस. मी म्हणेन, अरे, जंतू मेलेत आणि झोप मोडलीये, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं ना. तो ऐकणार नाही.

माझ्यापुरतं मला पटलेलं असं, की गुडघा आणि घामाने रात्री झोपेचे तुकडे व्हायचे, झोपेची बाकी वाढत गेली की गाढ झोप अंगावर कोसळते, आणि टेरर नेमका तिथूनच उठतो. पुरावा मागू नका, नाहीये.

आणि उपाय? जायफळ झालं, मेलाटोनिन झालं. खरी पंचाईत अशी की झोप न येण्यावरची सगळ्यात चांगली थेरपी सांगते, पलंगावरचा वेळ कमी करा, झोप साठू द्या. आणि टेररवाल्यांना सांगतात, झोप अजिबात कमी पडू देऊ नका. मला दोन्ही आहे. त्यामुळे मधलं काहीतरी चाललंय: उठायची वेळ पक्की, दारू बंद, बारा वाजता घड्याळ मनगटावर थरथरतं म्हणजे नेहमीच्या वेळेआधी थोडा जागा होतो, गादी जमिनीवर, जिन्याला लहान मुलांचं गेट. पाहुणे त्या गेटकडे बघून विचारतात, अजून एक होणार आहे का?

फरक पडलाय. मध्ये बरेच दिवस काही नव्हतं, मार्चमध्ये परत सुरू झालं. बायको म्हणते ऑफिसातल्या रिलीजच्या जागरणांमुळे, मी म्हणतो गुडघा तेव्हाच सुजला होता, डॉक्टर म्हणतात दोन्ही असेल. दिवाळीला यायचं आम्ही अजून ठरवलेलं नाही. आलोच तर माडीवर सगळ्यांच्या ओळीत गादी टाकू नका, मला खालची खोली द्या, आणि आईची खोली जरा लांबची.