टॉयलेट नावाचं फडकं

मागच्या दिवाळीत भाचा दुबईहून आला तो आईसाठी सेंटची बाटली घेऊन. औषधांची एक्सपायरी बघून बघून आईला आता काहीही हातात आलं की चष्मा लावून वाचायची सवय लागलीये, तिने बाटली उलटीपालटी केली, वरचं 'टॉयलेट वॉटर' वाचलं आणि म्हणाली, "अरे, एवढ्या लांबून संडासचं पाणी आणलंस होय?" आम्ही हसून हसून पडलो, पण भाच्याचा चेहरा बघवेना.

खरं तर टॉयलेटचा बाटलीवरचा अर्थच जुना, संडास हा नंतरचा. फ्रेंचमध्ये तवाल म्हणजे कापड आणि तवालेत म्हणजे छोटंसं कापड, आपलं फडकंच की! सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो कपडे गुंडाळून ठेवायचं फडकं म्हणून, मग ते फडकं नटायच्या टेबलावर अंथरायला लागले, मग टेबलच टॉयलेट झालं, मग नटणं-मुरडणं म्हणजेच टॉयलेट. अलेक्झांडर पोपच्या १७१४ सालच्या एका कवितेत नायिका चक्क टॉयलेटसमोर बसते आणि तिथे पफ, पावडरी, बायबलं, प्रेमपत्रं सगळा पसारा मांडलेला असतो. पुढे नटायच्या खोलीला तेच नाव पडलं, अमेरिकेत त्या खोलीला लागून 'ती' सोय आली, आणि बिचारं फडकं कायमचं बाटलं. लॅव्हेटरीचंही तेच, मूळ अर्थ नुसती हातपाय धुवायची जागा.

आपण तरी काय वेगळे. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा, तिथे फुलझाडं असतात, पण "परसाकडे जाऊन येतो" म्हटल्यावर फुलं तोडायला चाललाय असं कुणाला वाटलं नसतं. शौच म्हणजे तर शुद्धता, पतंजलींच्या पाच नियमांतला पहिला नियम, आणि त्याचं आलय म्हणजे खरं तर देवघरच व्हायला हवं होतं. आणि टमरेल म्हणे इंग्रजी टंबलरवरून आलंय, म्हणजे तिकडे ज्यातून पितात ते इकडे... जाऊ दे. हल्ली आमच्या ऑफिसात वॉशरूम म्हणतात, तेही किती दिवस टिकतंय बघू.

आई लग्नाकार्याला जाताना आता तोच सेंट मारते. कुणी विचारलंच कुठला, तर "दुबईचा" एवढंच सांगते.