ट्रेलर जागेवर लावताना

आज कॅम्पग्राउंडवर गाडीमागे जोडून ओढायचे, आत राहता येणारे मोठे ट्रेलर एकामागून एक लागताना पाहिले आणि पुन्हा पटलं, अर्धं काम गाडी रिव्हर्समध्ये टाकायच्या आधीच होतं. उतरा, जागा पायी फिरून बघा. विजेचा खांब, नळ, खाली आलेली फांदी. आणि हो, रस्त्याच्या पलीकडचा दगडसुद्धा; ट्रेलर आत वळतो तेव्हा गाडीचं नाक नेमकं तिकडे जातं. फ्रिक्शनवाला स्वे बार (ट्रेलर डोलू नये म्हणून गाडी आणि ट्रेलरमध्ये लावलेला, घर्षणावर चालणारा दांडा) असेल तर आधी काढून ठेवा, तीव्र वळणात तो वाकतो.

जागा शक्यतो ड्रायव्हरच्या बाजूला येईल अशी गाडी आणा, म्हणजे ट्रेलरची चाकं खिडकीतून दिसतात. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा: हात डावीकडे, तर ट्रेलरची शेपटीही डावीकडे. थोडंच फिरवा आणि वाट बघा. ३० फुटी ट्रेलर सावकाश वळतो, १५ फुटी चटकन. वळू लागला की स्टिअरिंग उलटं फिरवून गाडी त्याच्या मागोमाग न्यायची. इथेच बहुतेकांना उशीर होतो, कोन वाढत जातो आणि बंपरचा कोपरा ट्रेलरला टेकायला येतो. तसं दिसलं की मागे रेटू नका. पुढे घ्या, सरळ करा, परत या. तीनदा करावं लागलं तरी काही बिघडत नाही.

मागे उभं राहून तुम्हाला दिशा दाखवणारा माणूस आरशात दिसेनासा झाला की त्याच क्षणी ब्रेक. आणि गाडी सोडवण्याआधी ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे.