स्वित्झर्लंडला जायचे, तर जूनचा दुसरा पंधरवडा

नागपुरात ऊन तापू लागले की ओळखीतली कुटुंबे मे महिन्यातल्या स्वित्झर्लंडच्या सहलीविषयी विचारू लागतात. त्यांना माझे आग्रहाचे सांगणे असते की, शक्यतो मे टाळावा आणि जूनचा दुसरा पंधरवडा धरावा. मे महिन्यात अनेक रोपवे देखभालीसाठी बंद असतात आणि फुर्कासारखे उंचावरचे घाटरस्ते बर्फामुळे बहुधा जूनच्या सुमारासच खुले होतात. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडत असल्याने आपल्याला हे सहज जमण्यासारखे आहे. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे तो लवकर करावा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

रोज नवे गाव पाहणार असाल, तर स्विस ट्रॅव्हल पास घ्यावा. त्यात रेल्वे, बस, बोटी आणि रिगी पर्वताची गाडीही येते; शिवाय आई किंवा वडिलांकडे पास असल्यास सहा ते पंधरा वर्षांची मुले फॅमिली कार्डावर मोफत प्रवास करतात. मात्र युंगफ्राउयोख या बर्फाळ खिंडीतल्या उंच रेल्वे स्थानकासाठी हा पास वाटेतल्या ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या गावांपर्यंतच चालतो आणि पुढच्या तिकिटावर २५ टक्के सूट मिळते, तर हाफ फेअर कार्ड या सवलतीच्या कार्डावर ती ५० टक्के असते. म्हणून एकाच ठिकाणी मुक्काम करून शिखरे पाहणाऱ्यांनी आधी दोन्हींचा हिशेब मांडावा.

युंगफ्राउयोखचे तिकीट फार आधी काढू नये. सकाळी वरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहावे आणि ढग असतील तर तो दिवस खाली दरीतल्या लाउटरब्रुनेनला द्यावा, कारण एवढे पैसे मोजून पांढऱ्या धुक्यात उभे राहणे फार जिवावर येते. तिकडे जाण्यासाठी इंटरलाकेन ओस्ट स्थानकाहून सुटणारी गाडी वाटेत त्स्वायल्युचिनेन स्थानकात दुभंगते. अर्धे डबे ग्रिंडेलवाल्डला आणि अर्धे लाउटरब्रुनेनला जातात. त्यामुळे चढण्यापूर्वी डब्यावरची पाटी वाचावी आणि कुटुंबाने एकाच डब्यात बसावे. वरचे स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे. तेथे हवा विरळ असते, म्हणून ज्येष्ठांना सावकाश चालू द्यावे. हृदयविकार असल्यास निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे दूध, दही, ब्रेड शनिवारीच आणून ठेवावे. मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकाने मात्र त्या दिवशीही उघडी असतात.