चार तासांची सुपारी

सोमवार, रात्री

चैत्राच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे जत्रेचे कारभारी येतात, मोकळी तारीख बघतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. कीर्तनकाराच्या हातात बिदागीचं पाकीट ठेवताना ‘देवाच्या नावाला पैसे कसले’ असं कुणी म्हणत नाही. मग ‘रोल-प्लेइंग’ खेळाच्या टेबलावर बसून चार तास गोष्ट चालवणाऱ्या माणसाला पैसे द्यायचे म्हटलं की अमेरिकेतल्या खेळाडूंच्या कपाळाला आठ्या का पडतात?

उत्तर खेळाच्या जन्मात आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ, एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत 10 डॉलर, पहिल्या खेपेला 1000 प्रती. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि एकाने दाराआड काय आहे ते सांगायचं, राक्षसांच्या वतीने बोलायचं, फासा काय म्हणतो त्याचा अर्थ लावायचा. हा एक म्हणजे गेम मास्टर, बोलण्यात जीएम. पुस्तकं त्याची, घर बहुधा त्याचंच, तयारीही त्याचीच. बाकीचे वेफर्स घेऊन येणार. पिढ्यान्‌पिढ्या हे मैत्रीखात्यात चाललं, म्हणून आता कुणी दर सांगितला की मित्राने चहाचे पैसे मागितल्यासारखं वाटतं.

पण पैसे देणारा बहुतेक वेळा मित्र नसतोच. पस्तिशी-चाळिशीतली पाच माणसं, पाच गावांत, नोकऱ्या, मुलं. त्यांना एकाच वारी एकाच वेळी बसवणं हेच मोठं काम. 2020 नंतर ‘स्टार्टप्लेइंग’सारख्या साइटवर जीएम ऑनलाइन खेळाचा आपला वार, वेळ आणि दर लावून मोकळा होतो. तुम्ही खुर्ची धरायची. दर माणशी, दर सेशनला. साधारण 10 ते 25 डॉलर. गोष्ट चांगली असली तर उत्तमच, पण पहिली किंमत आहे ती गुरुवारचा खेळ गुरुवारी होण्याची.

मंगळवार

आज नुसती आकडेमोड.

खुर्ची 20 डॉलरची, खुर्च्या पाच: 100. साइटचं कमिशन आणि कार्डाचा खर्च मिळून 15 टक्के धरू, उरले 85. वेळ: खेळ 4 तास, तयारी 3 तास, निरोपानिरोपी 1 तास. एकूण 8. म्हणजे तासाला साडेदहा डॉलरच्या किंचित वर. त्यातून स्वयंरोजगाराचा कर जायचाय, तो अमेरिकेत 15.3 टक्के, शिवाय आयकर वेगळा. एक खुर्ची रिकामी राहिली की तासाला साडेआठ. दोन राहिल्या की 6 डॉलर 38 सेंट, आणि तिथलं केंद्रीय किमान वेतन आहे 7.25. ‘पाच जणांकडून शंभर डॉलर उकळतो’ म्हणणाऱ्याने हा हिशोब एकदा मांडून बघावा.

यावर धंदेवाईक जीएमचा उपाय ठरलेला: एकच कथानक आठवड्यात तीन टेबलांवर चालवायचं. तयारीचे 3 तास एकदाच, खेळाचे 12, निरोपांचे 3. अठरा तासांत 255 डॉलर, म्हणजे तासाला 14 च्या वर. इथे बिघडतं ते असं, की कुठल्या टेबलाने सराईवाल्याला वाचवलं आणि कुठल्या टेबलाने त्याची सराई जाळली, याची गल्लत होते. मेलेला सराईवाला हसतमुखाने दारू ओततो आणि समोरचे पाच जण गप्प होतात. औषध साधं आहे. सेशन संपल्यावर दहा मिनिटांच्या आत, उठण्याआधी, त्या टेबलाच्या वहीत पाच ओळी: कोण मेलं, कुणाला वचन दिलं, काय सापडलं, काय अर्धवट राहिलं, कोण आज फारसं बोललं नाही. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलं की तिन्ही टेबलांची खिचडी होते.

बुधवार, उशिरा

तयारीत सगळ्यात जास्त चुकतं ते वेळेचं माप. चार तास म्हणजे 240 मिनिटं. नमस्कार-चमत्कार आणि ‘मागच्या वेळी काय झालं’ यात 15 जातात, मधल्या सुट्टीत 10. उरली 215. आता एक लढाई धरू. पाच खेळाडू, प्रत्येकी 2 मिनिटं, जीएमची 3: एक फेरी 13 मिनिटांची. चार फेऱ्या म्हणजे 52 मिनिटं. दोन लढायांत निम्मी संध्याकाळ संपली. नवखा जीएम चार लढाया आखतो आणि तिसरीच्या मध्यात घड्याळ बघत बसतो. दोन आखाव्यात, तिसरी खिशात ठेवावी.

दुसरी चूक, एकटा खलनायक. समोर पाच जण. त्यांना फेरीत पाच पाळ्या, याला एक. कितीही अंगापिंडाने थोर राक्षस असो, दोन फेऱ्यांत झोपतो. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत मोठ्या ड्रॅगनना ‘लेजंडरी ॲक्शन्स’, म्हणजे जादा चाली, दिल्यात त्या याचसाठी: फेरीत तीन, इतरांची पाळी संपली की मध्येच वापरायच्या. त्या नसलेला खलनायक घ्यायचा तर चार-पाच फडतूस चेले बरोबर द्यावेत. प्रत्येकाचा जीव एका घावाचा ठेवला तर हिशोबही वाढत नाही.

तिसरी चूक जास्त महाग पडते. पुढचं सगळं कथानक एका सापडणाऱ्या चिठ्ठीवर टांगलेलं, आणि चिठ्ठी सापडायला वीस बाजूंचा फासा आणि पात्राच्या कौशल्याचा बोनस मिळून 15 हवेत. बोनस 5, म्हणजे फाशावर 10 किंवा वर पडायला पाहिजे. शक्यता 55 टक्के. शंभरात पंचेचाळीस वेळा गाडी तिथेच रुतते, आणि पाच माणसांनी मोजून दिलेले पैसे शांततेत जळत राहतात. त्याच बातमीचे तीन धागे तीन ठिकाणी ठेवले (चिठ्ठी, दारुडा पहारेकरी, चिखलातले ठसे) तर तिन्ही निसटण्याची शक्यता 9 टक्क्यांवर येते. आणि ज्याच्यावाचून गोष्ट पुढे जाणारच नाही ते फाशावर ठेवूच नये, सरळ देऊन टाकावं.

राहिला गप्प बसणारा खेळाडू. घरच्या टेबलावर तो चालून जातो, त्याला नुसतं ऐकायला आवडतं. पैसे दिलेल्या टेबलावर मात्र तो तीन आठवडे गप्प बसतो आणि चौथ्या आठवड्यात खुर्ची सोडतो. ‘तू काय करतोस?’ हा प्रश्न त्याच्यासाठी फार मोठा आहे, त्याने तो आणखी आखडतो. त्याला छोटा प्रश्न द्यावा, त्याच्या पात्राला उद्देशून, समजा पात्र बाईचं आहे: ‘दिंडी दरवाजाशी तू उभी आहेस. आतून कुजबूज येतेय आणि कडी हाताला गार लागतेय. कान लावतेस की कडी वाजवतेस?’ दोनांतलं एक निवडणं कुणालाही जमतं. असे दर तासाला दोन प्रश्न पुरतात.

गुरुवार

वेळेच्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात, कारण पुण्या-मुंबईतून अमेरिकेतल्या टेबलावर बसणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो. न्यूयॉर्कचे बुधवारचे संध्याकाळचे 7 म्हणजे आपल्याकडे गुरुवारचे पहाटेचे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. वारही बदलतो. लंडनचं टेबल त्यातल्या त्यात बरं: तिथले 7 म्हणजे रात्रीचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. अमेरिका घड्याळं पुढे करते मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि ब्रिटन शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे तिन्ही देशांची गणितं वेगळी. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर वेळेचा जो टाइमस्टॅम्प टाकता येतो तो वाचणाऱ्याला त्याच्याच घड्याळाची वेळ दाखवतो. तोच वापरावा. ‘रात्री 7 ईस्टर्न’ (म्हणजे न्यूयॉर्कची वेळ) असं लिहिणारा जीएम मार्चमध्ये हमखास एक माणूस गमावतो.

आणि खर्च? आठवड्याला 20 डॉलर म्हणजे महिन्याला 80. डॉलर 80 रुपयांच्या वर आहे, तेव्हा सहा हजार चारशेच्या खाली काही येत नाही. इथून खेळणाऱ्याने आधी वन-शॉट घ्यावा, एका बैठकीत संपणारा. कॅम्पेनची, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या गोष्टीची, खुर्ची त्यानंतर.

शुक्रवार

सामानाचा वार. ‘फाउंड्री’ हे आभासी टेबल, म्हणजे नकाशा आणि फासे स्क्रीनवर आणणारं सॉफ्टवेअर, 50 डॉलरना, एकदाच, आणि फक्त जीएमने घ्यायचं. खेळाडू ब्राउझरमधून येतात. ‘रोल20’ फुकटातही सुरू करता येतं. फाउंड्री घरच्या कॉम्प्युटरवरून चालवायची तर राउटरवर पोर्ट (बाहेरच्यांना आत यायची वाट) उघडावा लागतो, आणि पुष्कळ कनेक्शनांवर एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, तिथे ते होतच नाही. मग दरमहा भाड्याचा सर्व्हर. हा खर्च मंगळवारच्या हिशोबात धरला नव्हता.

नकाशे जड नकोत. फाउंड्रीत एक चौकोन मुळात 100 पिक्सेलचा, रोल20 वर 70 चा. तीस बाय चाळीस चौकोनांचा तळघराचा नकाशा 3000 बाय 4000 पिक्सेलमध्ये आरामात बसतो. त्याच्या दुप्पट आकाराचं पीएनजी चढवलं की कुणातरी एकाच्या जुन्या लॅपटॉपचा पंखा विमानासारखा सुरू होतो आणि तो भिंतीत अडकल्यासारखा दिसत राहतो. नकाशा वेबपी या हलक्या चित्रप्रकारात करून चढवावा. त्या माणसापुरता प्रकाश-सावलीचा दर्जाही कमी करून द्यावा.

शनिवार

आज ज्याबद्दल लिहायचं टाळत होते ते. पैसे आले की ‘नाही’ म्हणणं जड जातं.

खेळाडूचं पात्र मरायला टेकलंय. पडद्याआड राक्षसाच्या हल्ल्याचा फासा पडतो, 20, म्हणजे सगळ्यात जबर घाव. घरच्या खेळात पात्र मेलं असतं, सगळे हळहळले असते, नवं पात्र आलं असतं. इथे त्या पात्रामागे महिन्याचे 80 डॉलर आहेत. जीएमच्या तोंडून ‘तेरा’ येतं. एकदा आलं की पुन्हा येतं, आणि दोन महिन्यांत टेबलाला वास लागतो की आपण मरत नाही. तिथून लढाई बघायला बसलेल्या माणसांसारखी माणसं बसतात. माझं मत ठाम आहे: पैसे घेणाऱ्याने फासे उघड्यावर टाकावेत. पात्र मरू शकतं का, मेलं तर खेळाडूने त्या संध्याकाळचा उरलेला वेळ काय करायचं, हे पहिल्या बैठकीतच बोलून घ्यावं. त्या बैठकीला ‘सेशन झीरो’ म्हणतात, आणि त्यात पात्रांच्या नावांइतकंच महत्त्व अशा कंटाळवाण्या गोष्टींना द्यावं. किती जण आले तर खेळ होईल (तीन हा समजूतदार आकडा). किती तास आधी कळवलं तर पैसे लागणार नाहीत (24). कुठले विषय गोष्टीत अजिबात नकोत आणि कुठले आले तरी पडद्याआड राहावेत. मध्येच कुणाला नको झालं तर काय करायचं. त्यासाठी जॉन स्टाव्ह्रोपोलस यांचं एक्स-कार्ड आहे, ते दाखवलं की प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. ओळखीच्या चौघांत हे सगळं नजरेने कळतं. अनोळखी पाच जणांत नजर नसते, कॅमेरेही बहुधा बंदच.

तसंच त्रासदायक खेळाडूचं. दुसऱ्याचं बोलणं तोडणारा, प्रत्येक नियमावर वाद घालणारा. एक खुर्ची जाईल म्हणून त्याला ठेवला तर महिन्याभरात इतर दोन जातात. हिशोब करणाऱ्यालाच हे उशिरा कळतं, हे नवल.

खुर्ची घेणाऱ्याने जाहिरातीत काय बघावं? ड्रॅगनचं चित्र बघू नये. सेशन किती तासांचं, जास्तीत जास्त किती खुर्च्या (सातच्या टेबलावर पाळी यायला वर मांडलेल्या मापाने सतरा मिनिटं लागतात), दोघे आले नाहीत तर काय, आणि सेशन झीरोचे पैसे आहेत का. ज्याने हे चार न विचारता लिहिलंय त्याच्याकडे जावं.

रविवार, सकाळी

पाच ओळींच्या वहीत सहावी घालायला हवी. शेवटची दहा मिनिटं उरली की जीएमने खेळ थांबवावा आणि टेबलाला विचारावं: ‘पुढच्या वेळी कुठे जाणार? बंदरावर, की थडग्याकडे परत?’ उत्तर वहीत लिहून घ्यावं आणि मोठ्याने वाचून दाखवावं. बंदर म्हणाले तर थडगं तयार करायचं नाही. तीन तासांची तयारी दीड तासावर येते.