टायरवरच्या नंबरावर जाऊ नका, आधी रिम मोजा

जुन्या ट्रॅक्टरचे मागचे टायर बदलायचे म्हटलं की आपण सगळे एकच करतो, जुन्या टायरवरचा नंबर वाचायचा आणि तोच घेऊन यायचा. मी पण तेच केलं. टायरवर १४.९-२८ होतं म्हणून तीच नवी जोडी चढवली, आणि थोड्याच दिवसांत मधली नक्षी घासून गुळगुळीत, कडेची मात्र जशीच्या तशी उभी. हवा कमी करून बघितली, रस्त्यावर पळवणं कमी केलं, काही फरक नाही. शेवटी टायर उतरवून रिमला वायर ब्रश मारला तेव्हा वॉलच्या (हवा भरायच्या नळीच्या) भोकाजवळ रंगाच्या थराखाली ठोकलेला नंबर दिसला, डब्ल्यू १० × २८, म्हणजे रिमची रुंदी १० इंच आणि व्यास २८. तेव्हा कळलं की ही रिम एवढ्या मोठ्या टायरची नाहीच, आधीच्या कुठल्यातरी मालकाने तो बसवला होता आणि मी त्याचीच चूक पुढे चालवली. पहिल्या जोडीची पण मधलीच नक्षी गेलेली होती, ते डोळ्यांसमोर असून कळलं नाही याचं अजून वाईट वाटतं.

१४.९-२८ मध्ये पहिला आकडा टायरची रुंदी इंचात, दुसरा रिमचा व्यास. रिमची रुंदी यात कुठेच नसते, गोची तिथेच होते. व्यास जुळला की टायर चढतो, मग वाटतं बसला बरोबर. पण अरुंद रिमवर रुंद टायर दोन्ही बाजूंनी आवळला जातो, मधे फुगतो आणि कडेचे ठोकळे जमिनीला नीट टेकतच नाहीत, त्यामुळे एवढा पैसा घालून पकड मिळते अरुंद टायरएवढीच. उलटं, रुंद रिमवर अरुंद टायर ताणला जातो आणि कडा नीट बसत नाही.

साधारण हिशोब असा की ११.२ ला १० इंची रिम, १२.४ ला ११ (१० पण चालते), १३.६ ला १२ (११ चालते), १४.९ ला १३ (१२ चालते). तरी घ्यायच्या आधी त्या टायरच्या कंपनीचा तक्ता बघाच. रुंदी मोजायची ती रिमच्या दोन्ही कडांच्या आतून आतून, बाहेरून मोजली तर इंचभर तरी जास्त भरते. व्यासाचं पण तसंच, २८ ची रिम बाहेरच्या काठापासून काठापर्यंत ३० च्या आसपास येते, कारण टायर बसतो तो आतल्या बैठकीवर.

आणखी एक, जुन्या मॅन्युअलमध्ये ११-२८ असं असतं, तो म्हणजे आताचा १२.४-२८. १०-२८ म्हणजे ११.२, १२-२८ म्हणजे १३.६. यात फार जण फसतात, मॅन्युअलमध्ये १३-२८ वाचून १३.६ आणतात, आणि खरा हवा असतो १४.९. रेडियल (वेगळ्या बांधणीचे) टायर घेणार असाल तर १२.४ च्या जागी ३२०/८५ आर २८ असं लिहिलेलं असतं.

मी मग १२.४ घेतले. उंची साधारण चार इंच कमी झाली, म्हणजे मागची बाजू दोन इंच खाली आली, नांगराचं सेटिंग परत करावं लागलं आणि त्याच गिअरला स्पीड थोडा कमी पडतो. टू व्हील ड्राइव्हला, म्हणजे फक्त मागची चाकं ओढतात त्याला, एवढ्यावर भागतं, पण चारही चाकं ओढणारा फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या-मागच्या टायरचं प्रमाण बिघडतं आणि सगळा ताण गिअरबॉक्सवर येतो, तिथे असा बदल पुढचे टायर बघितल्याशिवाय करूच नका.

रिम उघडी आहे तेवढ्यात गंज पण बघून घ्या. टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर वॉलच्या भोकाभोवती रिम हमखास खाल्लेली असते, त्या धारेने नव्या ट्यूबचा वॉल कापला जातो. माझ्या एका रिमला तिथे वेल्डिंग करून भोक नवं पाडावं लागलं. चढवताना टायरच्या कडेला साबणाचं पाणी भरपूर लावा आणि कडा बसत नाही म्हणून ३५ पीएसआयच्या वर हवा अजिबात मारू नका, हवा सोडा, परत साबण लावा, परत भरा. टायर फुटून माणूस जातो यात, खरंच सांगतोय.

आता दोन्ही रिमच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने ठळक लिहून ठेवलंय, डब्ल्यू १० × २८, टायर १२.४. पुढे ट्रॅक्टर कोणाकडेही गेला तरी दिसेल.